गळती

सोहारच्या मागे, सांडपाण्याच्या तिसऱ्या तळ्याशी
एका पाइपचा सांधा सुटत आलाय.
दोन सेकंदांना एक थेंब. मी मोजलंय.
आठवडाभर माझं कामच ते:
कुठे ठिबकतंय ते शोधायचं, आवळायचं,
फॉर्मवर वेळ टाकून सही करायची.
शुक्रवारी मात्र पहाटे चारला उठून
याच थेंबासमोर मी पालथा पडतो.

दाद रहीम फाटक उघडतो, काही विचारत नाही.
पहिल्या दिवशी विचारलं होतं: कोंबडी आहे का? खातात?
नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

थेंबाखाली हातभर चिखल,
चिखलात पाणकणीस,
पाणकणसात ती.
फटाकडी. कुणी ठेवलं असेल हे नाव?
वात सर्दलेली, दारू भिजलेली,
तीन हिवाळे मला नुसतं हललेलं पातं दिसलंय.
पातं हललं की डासही चावायचे थांबतात असं वाटतं.
श्वास मी हप्त्यांनी घेतो.

आज साडेसहाला एक पाय बाहेर आला.
मग बराच वेळ पायच.
हिरवट, लांब बोटांचा, चिखल चाचपणारा,
परक्या घरी मुक्कामाला असलो
की रात्री आपण दिव्याचं बटण चाचपतो तसा.
मग चोच. मग छाती,
आणि तिच्यावर पांढरे ठिपके,
कुणी चुना लावता लावता कुंचला झटकल्यासारखे.
शटर मी दाबलं की बोटानंच, ठाऊक नाही.
अकरा फोटो.
नऊ शेपटीचे, एक नुसत्या चिखलाचा.

रात्री पिल्लै घोरायला लागल्यावर
स्क्रीनचा उजेड कमी करून बसलो.
सावल्या उचलल्या. पिवळा उतरवला.
दाणे विरघळवले तर ती मेणाची झाली,
म्हणून थोडे दाणे परत टाकले, मीठ टाकावं तसे.
डोळ्यातला उजेड होताच, तो फक्त पुसून घेतला.
मग कोपऱ्यातला पाइप:
गंज, सांध्याला गुंडाळलेली चिंधी.
एका फराट्यात गेला.
त्या जागी लॅपटॉपनं आपल्या मनानं पाणकणीस उगवलं.
मागे एक धुरकट निळा डाग होता,
टँकर रिकामा करायला वाकलेला कुणीतरी, ओव्हरऑलमध्ये.
तोही गेला.
दाराच्या खिळ्याला माझा ओव्हरऑल लटकत होता.
तिकडे मी पाठ केलेली होती.

चित्र कराडला पाठवलं.
सकाळी शर्वाणीचा आवाज आला, तोंडात ब्रश असताना बोललेला:
बाबा, भारी आहे.
पण तू म्हणतोस तिकडे सगळी वाळू.
मग हिला पाणी कुठून आलं?

झरा, असं लिहिलं. खोडलं.
खाडी, असं लिहिलं. तेही खोडलं.
मग फोटो उघडून एकेक पाऊल मागे आलो.
उसनं पाणकणीस मावळलं.
निळा माणूस पुन्हा येऊन वाकला,
जणू मधल्या वेळात पाठ सरळ करायला गेला होता.
पाइप आला, गंजासकट, चिंधीसकट,
आणि त्याच्या टोकाला
मी काल न पाहिलेला एक थेंब,
सुटलेला, अजून न पडलेला.
ती माझ्याकडे बघतेय असं मी रात्रभर समजत होतो.
ती त्याच्याकडे बघत होती.

तोच फोटो पुन्हा पाठवला. थोडा काळपट, थोडा दाणेदार.
शर्वाणीनं विचारलं, तो निळा काका कोण?
म्हटलं, नाव विचारून सांगतो.

रविवारी माझ्या टेबलावर कागद आला:
तळे तीन, सांधा, गळती, तातडीने.
मी लिहिलं: पाहणी केली. भाग मागवला आहे.
मार्चअखेर ती उत्तरेला निघते.
तोवर काही भाग येत नाही.

भाग माझ्या कपाटात आहे,
चहाच्या डब्यामागे.